बिननावाच्या घरातला राजपुत्र

मावशी त्या घरी गेली ती गाद्या शिवायला. काम फार तर आठवड्याभराचं होतं. खाडीपलीकडच्या घरातल्या गाद्यांचा कापूस दमट हवेने गोळा झाला आहे, तो उसवून, वाळवून पुन्हा भरायचा आहे, असा राजवाड्यातून निरोप आला. तिने दाभण, दोऱ्याची रिळं आणि खोळीचं जाड कापड पिशवीत भरलं, दाराला कुलूप लावलं आणि निघाली. शेजारी कुणाला सांगून जायची गरज नव्हती. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, आणि एकुलती एक मुलगी तापाने गेली तेव्हापासून तिच्या येण्याजाण्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

घराकडे जायला एक दगडी बांध होता. दोन्ही बाजूंना खारं, थांबलेलं पाणी आणि डोक्याएवढी लव्हाळी. वारा आला की ती एकदम एका बाजूला झुकायची आणि मग सावकाश उभी राहायची. तिथे पाखरांचा आवाजही नव्हता. बांध संपला तिथे फाटक होतं आणि फाटकाशी एक दाढीवाला पहारेकरी. रीतीप्रमाणे मावशी आपलं नाव सांगायला गेली, तर त्याने झटकन तिच्या तोंडावर हातच ठेवला.

"नाव नको," तो हळूच म्हणाला. "काम काय ते सांगा."

"गादीवाली," ती म्हणाली.

"मग इथे तुम्ही गादीवालीच."

पुढे राजपुत्राने तिला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्या घरात कुणी कुणाचं नाव घेत नसे. स्वयंपाकी होता, पाणक्या होता, पहारेकरी होता, पण नाव एकालाही नव्हतं. स्वयंपाकी गमतीने म्हणायचा की अशी नोकरी शोधून सापडायची नाही, इथे कुणी तुमचं नाव घेत नाही आणि नावंही ठेवत नाही. पण हे सांगतानाही त्याचं लक्ष वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे असायचं.

खरं काय ते त्यानेच तिला सांगितलं, भाजी चिरता चिरता, आवाज खाली आणून. राजाच्या घराण्यात प्रत्येक मूल काही ना काही जादू घेऊन जन्माला येतं. कुणी वारा फिरवलाय, कुणी निखारे हातात धरलेत. राजाच्या या धाकट्या मुलाची जादू त्याच्या हाकेत होती. तो ज्याला नावाने हाक मारी त्याला यावंच लागे. मनात असो नसो, कुठूनही असो, आणि यायचं ते सरळ रेषेत. वळसा घालायची मुभा नाही.

मुलगा अगदी लहान असताना हे कळलं. राजवाड्याच्या सज्जात खेळता खेळता त्याने आपल्या आवडत्या घोडेवाल्याला नावाने हाक मारली. घोडेवाला नदीपलीकडे जनावरं धूत होता. त्याने हसत बादली खाली ठेवली आणि चालायला लागला. पूल हाकेच्या अंतरावर होता, पण तो पुलाकडे वळला नाही. तो सरळ नदीत उतरला. पाणी छातीला लागलं तेव्हा तो मदतीसाठी ओरडत होता, पण पाय थांबत नव्हते. प्रेत सापडलं ते प्रवाहाबरोबर खाली वाहून गेलेलं नाही, बरोबर सज्जाखाली, भिंतीला कपाळ टेकलेलं.

त्यानंतर राजाने मुलाला इथे आणून ठेवलं. आई बाळंतपणातच गेली होती. बारसं व्हायचं राहून गेलं होतं, आणि पुढे ते करायचं धाडस कुणाला झालं नाही. नाव म्हणजे कडी, असं राजा म्हणे. जिथे कडी नाही तिथे कुणाला आकडा अडकवता येत नाही. म्हणून सगळे त्याला नुसतं धाकटे सरकार म्हणत. राजा कधीतरी बांधापर्यंत येई, तिथूनच खिडकीकडे बघे आणि परत जाई.

मावशीने हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी काम आटपून निघायचं ठरवलं. पण गाद्या अंगणात उसवून ठेवलेल्या होत्या, आणि कापसाच्या ढिगापलीकडे तो येऊन उभा राहिला. सात वर्षांचा असेल. अंगात किमती कपडे, पण गुंड्या चुकीच्या लावलेल्या, कारण त्या लावून द्यायला कुणी जवळ जात नसे. त्याने विचारलं, हातातल्या त्या मोठ्या सुईला काय म्हणतात. दाभण, ती म्हणाली. तो जरा विचारात पडला आणि मग अगदी गंभीरपणे त्याने दाभणाला हाक मारली. दाभण जागचं हललं नाही. त्याला हसू आलं. म्हणाला, वस्तू येत नाहीत, माणसंच येतात, मी करून पाहिलंय.

मावशीने हात पुढे करून त्याच्या गुंड्या नीट लावल्या. तो इतका स्तब्ध उभा राहिला की तिच्या लक्षात आलं, या मुलाला कुणाच्या हाताची सवयच नाही. मग आठवड्याचे महिने झाले. घरात गाद्या कमी आणि टाके जास्त झाले, असं स्वयंपाकी म्हणायचा, पण तिला जा असं कुणी म्हटलं नाही. मुलगा रोज तिच्या शेजारी बसून दोरा ओवून देई. आपलं नाव मात्र तिने त्याला सांगितलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी थंडी पडायच्या सुमारास राजाची थोरली बहीण आली. ही मुलाची आत्या. साऱ्या घराण्यात तिथवर यायचं धाडस तिनेच केलं, तेही प्रेमापोटी. ती मुलाजवळ बसली, त्याच्या केसांतून हात फिरवला, त्याची आई कशी दिसायची, कशी हसायची ते सांगितलं. आणि मग आईचं नाव सांगितलं. मावशी कोपऱ्यात खोळ शिवत होती, तिचा हात थांबला.

आत्याबाईंच्या ते लक्षात आलं. जाताना तिला बाहेर बोलावून त्या म्हणाल्या, "अगं, मेलेल्या माणसाला कुठली हाक ऐकू येणार? पोराला आईचं नाव तरी ठाऊक असू दे."

मावशीला ते पटलं. न पटायला काय होतं?

त्याच संध्याकाळी मुलाने खिडकीत उभं राहून आईला नावाने हाक मारली. एकदाच. मोठ्याने नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी. मग बराच वेळ तो तिथेच थांबला. लव्हाळी झुकली आणि उभी राहिली, बाकी काही झालं नाही. तो येऊन मुकाट्याने जेवला आणि झोपला. मावशीचाही जीव भांड्यात पडला.

पहिली बातमी पाणक्याने आणली. गावापलीकडच्या टेकडीवर राजघराण्याची थडगी होती. त्यातल्या एकाचा दगड आतून सरकला होता. चोर असतील, लोक म्हणाले. मग टेकडीखालच्या फळबागेची भिंत पडली, तीही फक्त माणूस जाईल एवढीच. त्याच्या पुढे एका विणकराची झोपडी होती. पहाटे तो उठला तेव्हा मागची कुडाची भिंत फाटलेली, मागावरचं अर्धं विणलेलं कापड मधोमध तुटलेलं आणि समोरची भिंतही फाटलेली. आत मातीचा वास भरून राहिला होता. बरेच दिवस न उघडलेल्या पेटीला येतो तसा.

पहारेकऱ्याने काठीने फाटकाशी चिखलात रेघ ओढली. इथे टेकडी, इथे बाग, इथे विणकर. रेघ पुढे नेली तशी ती खाडीतून येऊन नेमकी घराशी भिडली. त्याने काठी टाकून दिली आणि ती रेघ पायाने पुसली, जणू पुसल्याने काही होणार होतं.

जे येत होतं ते फार सावकाश येत होतं. सगळ्यात वाईट ते होतं. एका झटक्यात आलं असतं तर माणसं घाबरली असती आणि प्रकरण संपलं असतं. इथे रोज सकाळी उठून बघायचं, की आज कुठवर. स्वयंपाकी गेला. पाणक्या गेला. शेवटी पहारेकरीही गेला, मावशीला चला म्हणून. मुलालाही घेऊन चला, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगा जिथे जाईल तिथे ते येणार, हे दोघांनाही कळत होतं. वाटेत जे गाव लागेल त्याच्या मधून.

मावशी राहिली. का राहिली हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. सोडून जाववलं नाही, एवढंच.

मुलगा मात्र आनंदात होता. त्याने आपल्या खोलीत आपल्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची आणून ठेवली. स्वतःचे केस स्वतः विंचरले, भांग वाकडाच पडला. मावशीने तो सरळ करून दिला. करताना ती पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. त्याला ते जाणवलं असावं, कारण तिला बरं वाटावं म्हणून तो वळून म्हणाला,

"मावशी, तुझ्या मुलीचं नाव काय होतं?"

तिने कंगवा खाली ठेवला.

"सांग ना. मी तिलाही बोलावतो. मग तू एकटी राहणार नाहीस."

तो हे अगदी मनापासून म्हणत होता. त्याच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं आणि ते तो देत होता. मावशीच्या डोळ्यांसमोर पोर उभी राहिली, तापाने लाल झालेली, पाणी मागणारी. घरात कुणी नसताना आजही ती कधीकधी ते नाव पुटपुटायची, नुसतं तोंडात ठेवून बघायची. आता ते जिभेवर आलं. पहिलं अक्षर ओठांपर्यंत पोचलं. तिने ओठ दातांखाली इतके दाबले की रक्ताची चव आली.

"विसरले रे राजा," ती म्हणाली. "आता आठवत नाही."

मग त्याने तिचा हात धरला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. बांध दिसेनासा झाला, मग फाटक, मग अंगणातलं झाड. तेवढ्यात आवाज आला. लव्हाळी मोडल्याचा. एक काडी... मग बऱ्याच वेळाने दुसरी. मध्येच पाण्यातून जड काही ओढत नेल्यासारखं. मुलगा खिडकीत जाऊन उभा राहिला. मावशी त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. पेटीचा तो वास आधी आला. मग धुक्यात एक उभी, काळपट आकृती दिसली. ती अंगणात आली, दाराकडे वळली नाही, सरळ त्यांच्या खिडकीखालच्या भिंतीशी आली आणि थांबली. मग भिंतीवर घासल्याचा आवाज यायला लागला. न थांबता, न चिडता.

"ती दारातून का येत नाही?" मुलाने विचारलं.

"तिला वळता येत नाही, राजा... तू आहेस तिकडेच यावं लागतं."

त्याने क्षणभर विचार केला. मग मावशीच्या हातांखालून निसटून तो जिना उतरला, आणि ती अडवेपर्यंत अंगणात पोचला. घासण्याचा आवाज थांबला. ती आकृती भिंतीपासून वळली आणि त्याच्याकडे चालत येऊन हातभर अंतरावर उभी राहिली.

मागोमाग उतरलेल्या मावशीने तिच्या पायांकडे एकदाच पाहिलं, पुन्हा नाही. चेहरा तसा शाबूत होता, आत्याबाईंनी सांगितला होता तसाच असेल. पण ती मुलाच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. दिवसभर जुंपलेलं जनावर मालकाच्या हातातल्या चाबकाकडे बघतं ना, तशी.

मुलाने तिला आत ये म्हटलं. खुर्ची ठेवलीय, म्हणाला. ती हलली नाही. त्याने तिचा हात धरला आणि पटकन सोडला. धुक्याचं पाणी वळचणीवरून ठिबकत होतं, तेवढाच काय तो आवाज.

"मावशी," तो म्हणाला, "ती खूप दमलीये."

"हो."

"तिला यायचं नव्हतं."

तो रडेल असं मावशीला वाटलं, पण तो रडला नाही. घोडेवाल्यालाही यायचं नव्हतं का, एवढंच त्याने विचारलं, आणि तिने खरं तेच सांगितलं. सात वर्षांच्या पोराचा चेहरा असा एका क्षणात म्हातारा होताना तिने आधी पाहिला नव्हता.

मग तो म्हणाला, "ती जिथे झोपते तिथे मी जातो. तिथून हाक मारतो."

आणि ते निघाले. सरळ रेषेत नाही, रस्त्याने. तो पुढे जायचा, बांधाच्या टोकाशी थांबायचा आणि हलक्या आवाजात आईला हाक मारायचा. ती यायची. मग पुढच्या वळणापर्यंत तो, आणि पुन्हा हाक. वाटेत तिला कुठली भिंत, कुठलं कुंपण आडवं येऊ नये म्हणून तो प्रत्येक वळण आधी नीट बघून घेत होता. आंधळ्या माणसाला सांभाळून न्यावं तसा. मावशी सगळ्यात मागून चालत होती. आईबरोबर चालायला मिळालं ते त्याला एवढंच, असं तिच्या मनात येत होतं, आणि डोळ्यांना पदर लावायचीही तिला भीती वाटत होती.

गावात दारं-खिडक्या बंद होत्या. टेकडीच्या पायथ्याशी राजा एकटाच उभा होता. कुणीतरी त्याला कळवलं असणार. मुलाची आई त्याच्या जवळून गेली तेव्हा त्याने मान खाली घातली आणि वर केली नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला त्याने बोलावलं नव्हतं.

दिवस मावळायला आला होता. थडग्याचा दगड सरकलेला होता तसाच होता. मुलगा एकटा आत उतरला. मावशी तोंडाशी थांबली. आतून त्याची हाक आली, शेवटची, आणि त्याची आई मावशीच्या अगदी अंगावरून, कपड्याला कपडा लागेल इतक्या जवळून आत गेली. मग काही वेळ शांतता. मावशीला वाटलं, आता तो बाहेर येत नाही. तेवढ्यात आतून कुजबुज ऐकू आली. आवाज मुलाचा नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपड्यांना माती लागली होती. मावशी आणि राजा, दोघांनी मिळून दगड जागेवर ढकलला. राजाने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि चाचरत वाड्यावर चल म्हटलं. मुलगा नको म्हणाला. वाड्यात माणसं फार, म्हणाला. आणि मावशीचा हात धरून तो परत बांधाच्या दिशेने चालू लागला.

अर्ध्या वाटेवर तो तिला म्हणाला, "आईने माझं नाव सांगितलं. तिने ठरवून ठेवलं होतं." त्याच्या आवाजात इतकं सुख होतं की मावशीला हसू आलं. तिने काय नाव म्हणून विचारलं नाही. पण तो आपणहूनच पुढे म्हणाला, "कुणाला सांगू नको म्हणाली. हळू बोल म्हणाली. ते ऐकत असतात."

"कोण?" मावशीने विचारलं.

त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर त्या राजपुत्राने कुणालाही हाक मारली नाही. पुढे मोठेपणी त्याच्या जादूच्या पुष्कळ कथा लोकांनी सांगितल्या, फौजा कशा थांबवल्या, पूर कसे परतवले. त्या खऱ्या की खोट्या कोण जाणे. पण माणसाशी बोलायचं झालं तर तो त्याच्यापर्यंत चालत जायचा, कितीही लांब असो, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. पहारेकरी आणि स्वयंपाकी यथावकाश परत आले. घर पहिल्यासारखंच निवांत आणि मोकळं राहिलं, आणि मावशीही तिथेच राहिली.

त्याच थंडीत एका सकाळी ती त्याची खोली झाडायला गेली तेव्हा त्याचा पलंग जागेवर नव्हता. जुना, भक्कम लाकडी पलंग, गडीमाणसं लागल्याशिवाय हलायचा नाही. तो वीतभर सरकला होता आणि फरशीवर चारही पायांचे ओरखडे उमटले होते, पट्टी धरून ओढावेत असे सरळ. वर मुलगा गाढ झोपला होता. तिने पहारेकऱ्याला बोलावलं आणि दोघांनी पलंग मागे लोटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि पुढे रोज थोडं जास्त.

टेकडीकडे सरकला असता तर मावशीने समजून घेतलं असतं. आईचं मन, म्हटलं असतं. पण टेकडी बांधाच्या बाजूला होती, आणि पलंग सरकत होता तो दुसरीकडे, खुल्या समुद्राकडच्या भिंतीकडे. त्या बाजूला पाण्याशिवाय काही नव्हतं. ना बेट, ना होडी, ना दिवा. तिने मुलाला विचारलं, झोपेत काही ऐकू येतं का. तो नाही म्हणाला. मग म्हणाला, पण पाय दुखतात, चालून आल्यासारखे. त्याचं नाव कुणीतरी ऐकलंय आणि तेच आता त्याला बोलावतंय, हे मावशीला तेव्हा कळून चुकलं.

थंडी सरायच्या आधी एके दिवशी पलंग त्या भिंतीला जाऊन टेकला. मावशीने मुलाला उठवून खाली पाठवलं आणि ती एकटीच घराला वळसा घालून मागे गेली. भरतीचं पाणी तिथवर कधीच येत नसे, आणि त्या दिवसांत पाऊसही नव्हता. तरी त्याच्या खोलीच्या बाहेरची भिंत ओली होती. एकाच ठिकाणी, कुणीतरी बराच वेळ अंग टेकून उभं राहिल्यासारखी. त्या ओलीचं टोक कुठे संपतं ते बघायला तिने मान वर केली, आणि ती वर, वरच्या खिडकीच्याही वर, थेट छपरापर्यंत गेलेली होती.